गजवैद्यकाच्या तीन चिठ्यांची हकीकत

श्रीगजानन व श्रीशारदा उभयतां साह्य असोत. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरीं, चैत्रमासीं, महाराजांचा पट्टहस्ती मेघडंबर याणें चारा सोडिला आणि राजवैद्य बोलिले कीं, "उतारा माधवाचार्यांचे गजसंजीवन ग्रंथीं आहे, दुसरे ठायीं नाहीं." मग पोथीशाळेचे कारभारी निळोपंत चिटके यांस हुकूम जाहला. पंत मोठे नेटके. दर पोथीची चिठी करून, तीवर नांव, कर्ता, फडताळ लिहून, पेटींत ठेवीत. त्यांणीं चिठी काढिली आणि फडताळ उघडिलें, तों पोथीचा वाळवीनें भुसा केलेला. हुजुरांत वर्तमान कळतां महाराज कोपोन बोलिले, "तीन दिवसांत उतारा न आला तर हत्तीची अंबारी तुम्हीं वाहावी!"

पंत घरीं येऊन अन्न न घेतां बसले, तेव्हां कुटुंब तुंगाबाई म्हणाल्या, "अहो, दरबार तुम्हांस निळोपंत म्हणतो, माझे भाऊ दाजी म्हणतात, सासूबाई निळू म्हणतात, म्हणून मी तीन पानें मांडतें काय? त्या आचार्यांस घरचीं माणसें काय म्हणत, तें तरी पाहा!"

पंत तैसेच धांवले आणि पेटी पालथी केली, तों 'माधो वैद्य, हत्तीची दवा, प्राकृत' ऐसी एक चिठी आणि 'म्हादबा गजवैद्य, हत्तीचे दवेची टीका' ऐसी दुसरी निघाली. पोथ्या पाहातां दोहींचे शेवटीं गांव तोच, बाप तोच, आणि "गजसंजीवन म्यांच रचिलें" ऐसें लिहिलेलें. मग दरबारीं प्राकृत उतारा वाचिला: "हत्तीस लाडू चारणें बंद करावें." लाडू तों स्वयें महाराज चारीत! सभा खालीं पाहूं लागली. महाराज पुसते जाहले, "टीका काय म्हणत्ये?" पंत चाचरत बोलिले, "चारणारासही लाडू बंद करावे, ऐसें म्हणत्ये." महाराज खदखदां हांसले, लाडू बंद जाहले, आणि चौथे दिवशीं हत्ती चारा खाऊं लागला.

मग पंतांनीं वंशावळीची रीत घातली: मूळ ग्रंथ वर, त्याखालीं भाषांतर आणि टीका, त्यांखालीं एकेक प्रत, कर्त्याचें एक नांव मुख्य, बाकीचे नांवांच्या चिठीवर 'अमुक पाहा' इतकेंच. महाराज संतोषोन बोलिले, "आमचेंही नांव घाला." बाविसां बिरुदांच्या बावीस चिठ्या जाहल्या, सर्वांवर 'महाराज पाहा'; परंतु मुख्य चिठीखालीं ग्रंथांची जागा कोरी. ती पाहोन महाराज दुसरे दिवसापासोन काव्य करूं लागले.

येणेंप्रमाणें हत्ती बचावला, पोथीशाळा मार्गास लागली, दरबार मात्र काव्याखालीं सांपडला. घडलें तें लिहिलें. उणें असेल तें जाणत्यांनीं भरून घ्यावें.