ठराव क्रमांक सात आणि न वाजणारी फाइल

“एवढा महागाचा फोन, आणि साधा खोकलासुद्धा वाजवेना,” फर्डिनंडकाका मीराच्या कानाशी पुटपुटले.

मुद्दाम कानाशी असं नाही. अमृतसिंधू सोसायटीच्या जिन्याखाली व्यवस्थापक समितीचे पाच सभासद एका फोनभोवती उभे राहिले, की प्रत्येकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशीच येतं. (अमृतसिंधूत अमृत नाही आणि सिंधूही नाही. टँकर मात्र दिवसाआड येतो.)

बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं वाळवी खाते आणि रेकॉर्ड केलेलं उघडत नाही. शब्द जपून ठेवण्याच्या बाबतीत मनुष्यजातीने क्रमाक्रमाने केलेली ही प्रगती आहे, आणि सन २००९ मध्ये ती नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या रस्त्यापर्यंत येऊन पोहोचली होती. तिला तिथवर आणण्याचा मान सोसायटीच्या सेक्रेटरी मीरा यांच्याकडे जातो.

मीरा सेक्रेटरी कशी झाली, तर रीतसर. ज्या सभेत सेक्रेटरी निवडला गेला त्या सभेला ती गैरहजर होती. शिवाय तिचं अक्षर गोल. सेक्रेटरीचं काम सभेचं इतिवृत्त लिहिणं, आणि गोल अक्षरात लिहिलेल्या भांडणाला एक भारदस्तपणा येतो. पण मध्यंतरी मीराने, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कॉम्प्युटरचा सरकारमान्य कोर्स केला आणि शंभरापैकी चौऱ्याऐंशी गुण मिळवले. ते सर्टिफिकेट तिने हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलं. त्याखाली बसून हाताने इतिवृत्त लिहिणं तिला शोभेना.

त्याच सुमारास फर्डिनंडकाकांचा मेहुणा मार्सेल जहाजावरून सुट्टीला आला होता. त्याच्याजवळ पेनाएवढा एक आवाज टिपणारा रेकॉर्डर होता. जानेवारीच्या सभेत मीराने तो मागून आणला आणि समोशांच्या ताटाशेजारी ठेवला. सभा एक तास पन्नास मिनिटं चालली. त्या एक तास पन्नास मिनिटांत मीराने वहीत एक अक्षर लिहिलं नाही, आणि आपण भविष्यकाळात बसलो आहोत असं तिला सारखं वाटत राहिलं.

मार्सेलने ती फाइल चेअरमन जितेंद्ररावांच्या नव्या फोनमध्ये घालून दिली, कारण सोसायटीत त्याहून सुरक्षित जागा नव्हती. बोटाने चालणारा, बटणं नसलेला असा तो इमारतीतला पहिलाच फोन, आणि जितेंद्रराव तो देवघरातसुद्धा हातातून सोडत नसत. मग मार्सेल रेकॉर्डर घेऊन जहाजावर परत गेला. (रेकॉर्डर सध्या सुएझच्या आसपास असल्याचं काकांच्या पत्नी रेजिना सांगतात. ब्राझीलचंही नाव घेतलं जातं.)

त्यानंतर आठ महिने कुणीही ती फाइल ऐकली नाही. रेकॉर्डिंगचा खरा फायदा हाच आहे. ते आहे म्हटल्यावर ऐकावं लागत नाही.

सप्टेंबरात ती ऐकायची वेळ आली ती सातव्या ठरावामुळे. सातवा ठराव काय होता हे इथे सांगता येणार नाही, कारण तो फाइलमध्ये आहे. (तो असा होता: वॉचमन काशीराम नोकरीवर आहे तोवर पंपाशेजारची खोली त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे राहील, कारण टँकर कधीही येतो आणि पंप चालू करायला माणूस घरातच हवा. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या.)

काशीराम मूळचा मिठागरावरचा. मिठाचं काम सुटलं तसा तो वॉचमन झाला. जानेवारीत सभेने खोली दिली तेव्हा त्याने गावातल्या घरातला आपला अर्धा भाग धाकट्या भावाला देऊन टाकला. भावाची पोरं वाढत होती, आणि काशीरामला आता सोसायटीची खोली होती. सत्तावीस माणसांनी हो म्हटल्यावर कागद कशाला, असं त्याला वाटलं. शिक्षण कमी असलं की माणसं अशी वागतात.

मग ऑगस्टात सोसायटीने पंपाला आपोआप चालू होणारं बटण बसवलं. टाकीतलं पाणी उतरलं की पंप स्वतःच सुरू होतो. आणि सप्टेंबरात जितेंद्ररावांनी जागच्या जागी चालण्याचं यंत्र विकत घेतलं. ते बेडरूमच्या दारातून आत जाईना. हॉलमध्ये ठेवलं तर सोफा बाहेर काढावा लागे, आणि सोफ्यावर त्यांचे सासरे असत. तेव्हा जितेंद्ररावांनी मोठ्या मनाने ते यंत्र सोसायटीला भेट दिलं. भेट आली की जागा लागते. जागा शोधताना समितीच्या असं लक्षात आलं की पंपाशेजारच्या खोलीत एक कुटुंब राहतं.

काशीरामला दिवाळीपूर्वी खोली मोकळी करायला सांगण्यात आलं. तो मीराकडे आला आणि म्हणाला की मॅडम, तेव्हा तर ठरलं होतं. मीरा म्हणाली, “रेकॉर्ड बघून सांगते.” हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज गेलं, की आपण उपजत सेक्रेटरी आहोत अशी तिची खात्री पटली.

इथे मीराच्या प्रकृतीविषयी लिहिणं भाग आहे. तिला साखर निघाली होती. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं, आणि रस्त्यावर डंपर चालतात. दोन मजले उतरून चालण्याचं यंत्र मिळणं ही तिच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. त्या महिन्यात तिची साखर आणि तिची स्मरणशक्ती यांत व्यस्त प्रमाण आढळून आलं.

तर समितीने फाइल उघडायला घेतली आणि फोनवर इंग्रजीत पाटी आली: फाइल फॉरमॅट नॉट सपोर्टेड. जितेंद्ररावांनी बोट जरा जोरात दाबलं. पाटी तीच.

प्रत्येक फाइलला नाव असतं आणि नावापुढे टिंब देऊन तीन अक्षरांचं आडनाव असतं. या फाइलचं आडनाव डीव्हीएफ निघालं, आणि या आडनावाच्या फाइलींना तो फोन घरात घेत नव्हता. यात फोनला दोष देता येणार नाही. माणूस कसा आहे, काय बोलतो हे न बघता आडनाव ऐकूनच दार लावायचं, ही पद्धत अमृतसिंधूत फ्लॅट भाड्याने देताना सर्रास आहे आणि तिच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही. (ज्यांची असेल ते बाहेर आहेत.)

समितीने सहा आठवड्यांत केलेले प्रयत्न पुढीलप्रमाणे.

पहिला, आडनाव बदलणे. हा मीराचा. चौऱ्याऐंशी गुणांच्या बळावर तिने डीव्हीएफ खोडून तिथे एमपीथ्री लिहिलं. फोन फसला, त्याने फाइल आत घेतली, चार सेकंद कढईत पापड सोडल्यासारखा आवाज काढला आणि बंद पडला. मग जितेंद्ररावांनी अर्धा तास त्याला कुणालाही हात लावू दिला नाही.

दुसरा, ब्लूटूथ. फाइल इमारतीतल्या अकरा फोनांवर पाठवून पाहिली. अकराही फोनांनी नाही म्हटलं. एकाने हिंदीत म्हटलं, ते जरा घरचं वाटलं.

वसई स्टेशनाजवळच्या मोबाइलच्या दुकानात शिष्टमंडळ गेलं, तो तिसरा. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला, मान हलवली आणि काचेवर प्लास्टिक लावून घ्या म्हणाला. शिष्टमंडळ प्लास्टिक लावून परत आलं. त्यामुळे पाटी आता जास्त स्वच्छ वाचता येते.

चौथा प्रयत्न मात्र फळाला आला. सायबर कॅफेत एक सॉफ्टवेअर सापडलं, जे डीव्हीएफचं एमपीथ्री करून देतं, पण फुकटात फक्त पहिल्या एका मिनिटाचं. ते मिनिट ऐकायला पार्किंगमध्ये सोळा सभासद जमले. फोन एका उलट्या पातेल्यावर ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. त्या मिनिटात काय होतं ते मीराने गोल अक्षरात इतिवृत्ताच्या वहीत उतरवलं आहे: खुर्ची सरकल्याचा आवाज. “चालू आहे का?” “लाल दिवा लागलाय.” “म्हणजे चालू की बंद?” पुन्हा खुर्ची. “मी बोलू का?” (हा आवाज मीराचा. तो आपला आहे यावर तिचा विश्वास बसला नाही. इतका नम्र माणूस कोण, म्हणून तिने शेजारी विचारलं.) “समोसे दोन-दोन आहेत की एकेक?” इथे मिनिट संपतं.

पूर्ण फाइलसाठी परदेशातल्या कंपनीला पैसे पाठवावे लागणार होते. खर्च करायचा तर सभेचा ठराव हवा. नवा ठराव करायचा तर आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम करून घ्यावं लागतं. आधीच्या सभेचं इतिवृत्त फाइलमध्ये आहे. फाइल उघडायची तर खर्च करावा लागेल. हे सगळं जितेंद्ररावांनी एका दमात समजावून सांगितलं, आणि इतका निर्दोष नियम आपल्या सोसायटीला आहे याचं सभासदांना समाधान वाटलं.

दरम्यान मीराने आपल्या समाधानासाठी एक पाहणी केली. जिन्यात, गच्चीवर, भाजीवालीपाशी जो भेटेल त्याला जानेवारीच्या सभेबद्दल सहज विचारायचं. निष्कर्ष असे. सभेला हजर सभासद: सत्तावीस. चहा गार होता हे आठवणारे: सत्तावीस. दोनपेक्षा जास्त समोसे कुणी खाल्ले हे नावानिशी सांगू शकणारे: एकोणीस. जितेंद्ररावांनी कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता हे सांगणारे: चौदा (सर्व महिला). सातव्या ठरावात काय ठरलं हे आठवणारे: फाइल उघडल्यावर कळेल.

फर्डिनंडकाकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बाय, मी गिरीजची वाडी विकून इथे आलो. वाडी विकली त्या दिवसापासून मला सोयीचं तेवढंच आठवतं.” आणि ते केळी घ्यायला निघून गेले. (ज्याने आयुष्यभर केळी पिकवली तो डझनाच्या भावाने केळी घ्यायला जातो, हे मीराला नेहमी बघवत नाही. त्या दिवशी बघवलं, कारण विषय बदलला.)

सभेच्या आदल्या दिवशी काशीराम खुर्च्या पुसत होता. मीरा जिना उतरत होती. त्याने तिला थांबवलं नाही, फक्त फडका पिळता पिळता बोलला. खोलीबद्दल नाही बोलला. तो भावाकडे जाऊन आला होता. भावाने घरात मध्ये भिंत घातली होती आणि अर्ध्या भागात भाडेकरू ठेवला होता. भाऊ म्हणाला, तुला सोसायटीने खोली दिली असती तर तू आता इथे कशाला आला असतास. तू तेव्हाच खोटं बोललास, माझ्यावर उपकार केल्यासारखं दाखवायला.

“मॅडम,” काशीराम म्हणाला, “खोली नाय तर नाय. तेवढं कागदावर लिहून द्या, का फाइल उघडली नाय म्हनून. शिक्का मारून. भावाला दाखवतो. तो मला खोटा बोलतो.”

मीराने बघते म्हटलं. वर येऊन तिने सोसायटीचं लेटरहेड काढलं आणि लिहायला बसली. ‘दाखला देण्यात येतो की’ इथपर्यंत अक्षर फार सुरेख आलं. पुढे काय लिहायचं ते तिला माहीत होतं. ते लिहिलं की खालच्या सहीसाठी जागा उरत होती, आणि सही तिची होती. तिने कागद फाडला. दुसरा घेतला. लेटरहेडचे चार कागद गेले, आणि सोसायटीच्या मालमत्तेची नासाडी केल्याबद्दल तिने स्वतःला एक तोंडी ताकीद दिली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये विशेष सभा भरली. हजर सभासद सत्तावीस, म्हणजे नेमके जानेवारीतले. चहा गरम होता. काशीराम कप देत फिरत होता आणि आपल्याच विषयाच्या आड आपण येऊ नये म्हणून खांबाच्या बाजूबाजूने जात होता. चालण्याचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून लिफ्टजवळ उभं होतं. सभेच्या काळात तीन सभासदांनी त्याला हात लावून बघितला.

जितेंद्रराव उभे राहिले. ते वाईट माणूस नाहीत हे नोंदवलं पाहिजे. गणपतीत सगळ्यात जास्त वर्गणी त्यांचीच असते. त्यांनी फाइल उघडण्याच्या प्रयत्नांचा आढावा घेतला, मीराताईंच्या तांत्रिक कौशल्याचं कौतुक केलं (मीरा लाजली; अशा वेळीही माणूस लाजतं) आणि समारोप केला.

“तर पुरावा उपलब्ध नसल्यामुळे सातवा ठराव झालाच नव्हता, असं धरून आपण पुढे जाऊ. मीराताई, लिहून घ्या. सूचक कोण?”

सूचक कुणी होईना. सगळे चहात बघत होते. जितेंद्ररावांनी मग मीराकडेच बघितलं, सेक्रेटरीने सूचक व्हायला हरकत नाही म्हणाले, आणि यंत्रावर सकाळी साडेसहा ते सव्वासातची पाळी तिचीच ठेवली आहे हेही हळूच सांगितलं.

मीराने वही मिटली आणि उभी राहिली. साडीचा निऱ्यांचा भाग खुर्चीत अडकला होता, तो सोडवण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात बसता आलं असतं.

“सूचक मीच होते,” ती म्हणाली. “जानेवारीत. सातव्या ठरावाची.”

“अहो मीराताई, पण रेकॉर्ड—”

“रेकॉर्ड राहू द्या, जितेंद्रराव. खोली काशीरामची, असं आपण बोललो. मी बोलले, तुम्ही अनुमोदन दिलंत, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. फाइल उघडत नाही हे खरंय. आपल्याला आठवतंय, हेही खरंय. ज्यांना आठवत नसेल त्यांनी हात वर करा.”

पार्किंगमध्ये पंपाचा आवाज सुरू झाला. आपोआप. काशीराम ट्रे घेऊन खांबापाशी उभा होता आणि कुणाकडे बघायचं नाही म्हणून ट्रेमधले कप मोजत होता.

जितेंद्ररावांचा हात वर निघाला, कानापर्यंत गेला, कान खाजवून खाली आला. फर्डिनंडकाकांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, न जाणो एखादा चुकून वर जायचा.

मीराने पुन्हा वही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर या वेळी गोल आलं नाही. हजर सभासद सत्तावीस. वर आलेले हात शून्य.

(हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आपल्या इमारतीतल्या माणसाला दिलेला एकही शब्द आजवर सोयीने विसरावा लागलेला नाही, त्यांनी आता हात वर करावा. घाई नाही. मोजायला आम्ही बसलो आहोत.)