सारजाबाईंचं बोट

महासाथीत रुग्णालयात गर्दी होऊ नये, म्हणून गरोदर बायांच्या साखरेवर त्यांच्या घरीच देखरेख ठेवण्याचा निर्णय झाला. प्रत्येकीला बोट टोचून साखर मोजायचं यंत्र मिळालं. जेवणानंतर रक्ताचा थेंब द्यायचा आणि आलेल्या आकड्याचा फोटो मोबाइलवर पाठवायचा. बजाजनगरच्या सरूला सातवा महिना होता. तिने इमानदारीत फोटो पाठवला आणि तिथंच तिचं चुकलं. आकडा दोनशे दहा होता.

लगेच समुपदेशक बद्रीनाथ यांचा फोन आला. "ताई, साखर फार वाढलीय. ताबडतोब रुग्णालयात या."

सरू आणि तिचा नवरा त्रिंबक निघाले. नाक्यावर पोलिसांनी रुग्णालयाची चिठ्ठी मागितली. त्रिंबकने बद्रीनाथांना फोन लावला. चिठ्ठी जरूर मिळेल, ते म्हणाले, फक्त ती घ्यायला समक्ष यावं लागतं. दोघं घरी परतली.

मग बद्रीनाथ रोज फोन करून हळहळू लागले. "ताई, तुमच्या एकटीपायी अख्खं बजाजनगर योजनेच्या नकाशात लाल दिसतंय. आकडा तेवढा खाली आणा."

"कसा आणू, साहेब?"

"ते तुम्ही बघा. आमचं काम मार्गदर्शनाचं."

हा पेच सासूबाईंनी सोडवला. सारजाबाई फर्दापूरहून डोहाळजेवणासाठी आल्या आणि टाळेबंदीत अडकल्या होत्या. पोटुशीचं रक्त काढणं त्यांना पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. "रगतच पायजे ना त्याहीला? मंग माझं घ्या," म्हणत त्यांनी बोट पुढं केलं. यंत्राने अठ्ठ्याण्णव दाखवले.

नकाशा हिरवा झाला. सरूला 'आदर्श माता' प्रमाणपत्र मोबाइलवर आलं आणि तिच्यासाठी मंजूर झालेलं घरपोच इन्सुलिन, गरज उरली नाही म्हणून, थांबवण्यात आलं.

डोहाळजेवण मोबाइलवरच झालं. शेजारणींनी दारात बुंदीचे लाडू आणि सांजोऱ्या ठेवल्या आणि पडद्यावरून एकसुरात आग्रह धरला, "खा गं, आता कशाची भीती?" सरूच्या घशाला सारखी कोरड पडत होती. पोटातल्या जिवाच्या काळजीने ती यंत्र घेऊन सासूकडे गेली.

"आत्याबाई, येक डाव माझं बोट टोचा ना."

"येडी का काय! तुझा आकडा चालत नाय तिथं."

शेवटी सरूने बद्रीनाथांना सगळं खरं सांगून टाकलं.

"ताई, लालचं हिरवं करता येतं," ते म्हणाले. "हिरव्याचं लाल करायची सोय आमच्याकडं नाही."

बाळंतपणाच्या दिवशी मात्र नाक्यावर कुणी अडवलं नाही. त्रिंबकने आदर्श मातेचं प्रमाणपत्र दाखवताच पोलिसांनी अदबीने वाट करून दिली.

मुलगा झाला, पावणेपाच किलोंचा. जन्मताच त्याची साखर उतरली, अंग थरथरू लागलं आणि त्याला उचलून काचेच्या पेटीत ठेवलं. सरूने त्याला अजून हातातही घेतलं नव्हतं, तोवर योजनेच्या यशाचा फोटो सगळीकडे फिरू लागला. नाकातली नळी फोटोतून शिताफीने वगळली होती.

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. एवढं गुटगुटीत बाळ पेटीत का ठेवलंय, असं तुम्ही काही विचारलं नाही. लाल बदाम पाठवलात आणि वर लिहिलंत, 'दृष्ट काढा.'