मशीनला खांदा

मशीन झाकायला मधुकरने जो फ्लेक्स घेतला, तिथेच सगळा घोळ झाला. तसा दोष त्याचाही नव्हता. कांदिवलीचा गाळा सोडून मालाडला जायचं म्हणून बॅनर छापायचं मशीन स्टँडवरून उतरवलं, तेव्हा उरलं ते माणसापेक्षा लांब असं आडवं धूड. ते जरा कललं की आतली शाई नको तिथे उतरणार आणि मशीन कायमचं भंगारात. शिवाय धूळ लागता कामा नये. दुकानात मोठा तुकडा एकच उरला होता, गिऱ्हाइकाने न नेलेला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा. छापलेली बाजू आत घेतली तर मशीनला रंग लागेल, म्हणून मधुकरने ती बाहेर ठेवली आणि दोऱ्या आवळल्या. फोटो नि नाव खाली दुमडलं गेलं. वर राहिली ती ठळक अक्षरं.

एरवी हे काम दोघांचं. पूर्वी दुसरं टोक दशरथ धरायचा, त्याचा भागीदार. जुनं मशीन विकून नवं घेऊ, असं दशरथ म्हणाला आणि मधुकर अडून बसला. शेवटी, "ह्या डबड्याशीच संसार कर. मेलास तरी तोंड बघायला येणार नाही," असं म्हणून दशरथ जो गेला तो गेलाच. तेव्हापासून मधुकरने संसार खरंच मशीनशी केला. सकाळी त्याच्याशी बोलायचा, दुपारी त्याच्यासमोर डबा खायचा. दुकान हलवतोय हे त्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्या अक्षतालाही सांगितलं नव्हतं. सांगून कुणाला काय फरक पडणार होता?

कांदिवलीच्या हमालांनी मशीन चढवून दिलं आणि टेम्पो निघाला. मधुकर मागे मशीनवर हात ठेवून बसला. खड्डा दिसला की थांब, असं त्याने टेम्पोवाल्या लवूला दहादा बजावलं होतं. नवल म्हणजे मागून एकही हॉर्न वाजेना. चक्क एका रिक्षावाल्याने बाजू दिली. एस. व्ही. रोडवर माणुसकी शिल्लक आहे, असं मधुकरला वाटू लागलं, तोच बसस्टॉपवरच्या बाईने हात जोडले.

सिग्नलला पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. त्यांनी अक्षरं वाचली, चप्पल काढली आणि विचारलं, "सोबत कोणीच नाही?"

"नाही. एकटाच आहे मी."

"असं एकट्याने न्यायचं नसतं रे, बाळा."

एवढं बोलून चंद्रप्रकाशकाका, त्यांनी आपलं नाव तेवढं सांगितलं, टेम्पोत चढलेसुद्धा. मधुकरने खरं सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. असा हात पाठीवर पडून किती काळ लोटला, हे त्याला आठवेना. पुढच्या सिग्नलला सांगू, असं त्याने ठरवलं. पुढच्या सिग्नलला मागे दोन स्कूटरी लागल्या होत्या. त्याच्या पुढच्याला एक रिक्षा वाढली.

"शेट, मागे बघा," लवूने पुढून हाक दिली. "लोका जमली हत."

मालाडला टेम्पो गाळ्यासमोर थांबला. इथले ठरवलेले हमाल आले नव्हते, त्यांचा फोनही बंद. आठ-दहा माणसं मात्र शटरपुढे हात जोडून उभी होती.

"इथे कशाला थांबलास?" काकांनी विचारलं.

आता पुढचा सिग्नल नव्हता. "काका, हे मशीन आहे. बॅनर छापायचं," मधुकर म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही सगळे सोबत होतात. बरं वाटत होतं."

स्कूटरवाल्याने त्याला दोन शिव्या हासडल्या, आणि त्या चुकीच्या होत्या असं मधुकरलाही वाटलं नाही. काकांनी मशीनकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं आणि मग मधुकरकडे.

"उचलायला माणसं आहेत?"

"नाहीत."

"मग आपण खांदा द्यायलाच आलोय ना? चला रे."

हमालांनी ओढलं असतं, आपटलं असतं. ह्या माणसांनी खांदे लावले आणि पावलं आपोआप लहान झाली. कोणी घाई केली नाही, खांदा बदलतानाही धक्का लागला नाही. एकाच्या ओठांवर रामनाम आलं, ते त्याने गिळलं. मशीन तसूभर न कलता, आत आधीच आणून ठेवलेल्या स्टँडवर विसावलं. काकांनी बाहेरच्या नळावर पाय धुतले. मग सगळे गेले, आणि जाताना सवयीने एकानेही मागे वळून पाहिलं नाही. लवूही टेम्पो घेऊन गेला.

मधुकरने दोऱ्या सोडल्या आणि श्रद्धांजलीची घडी केली. नव्या गाळ्यात आवाज घुमत होता, म्हणून मशीनशी बोलायचाही त्याला संकोच वाटला. एकटेपणाही सामानाबरोबर आला होता, आणि तो तर त्याने नीट बांधलासुद्धा नव्हता.

तेवढ्यात बाहेर बाइक करकचून थांबली. शटरखालून वाकून दशरथ आत आला. हातात हार, डोळे लाल. मधुकरला बघून तो जागीच खिळला.

"अक्षताने फोन केला," तो कसाबसा म्हणाला. "शटर बंद, बोर्ड काढलेला, आणि टेम्पोवर... एस. व्ही. रोडभर विचारत आलो मी."

"मेलो तरी येणार नव्हतास ना?"

"मग? मेलास कुठे तू?"

दशरथने बाहीने तोंड पुसलं. हाराचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने तो मशीनला घातला, नव्या दुकानात घालतात तसा. मग एक डोळा मिटून त्याने मशीनच्या कडेवरून नजर फिरवली.

"डावीकडे कललंय," तो म्हणाला. "धर ते टोक."

मशीन जराही कललं नव्हतं. मधुकरने टोक धरलं.