पाव सेकंदाची सुधारणा

मी मोजल्याशिवाय बोलत नाही आणि मोजून केलेलं माझं काम बिघडत नाही, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता कोणी मान वर करूनही बघत नाही!

आमचा जुना गेम कन्सोल दमेकऱ्यासारखा धापा टाकायला लागला, तेव्हा मीच म्हटलं, "नवा कशाला? आता गेम क्लाउडवर चालतो, म्हणजे लांबच्या एका मोठ्या संगणकावर. बाबा, तुम्ही इथे ब्रेक दाबला की निरोप तिकडे जाणार आणि गाडी थांबल्याचं चित्र इकडे येणार."

"म्हणजे इंजिनापासून केबिन लांब आहे, एवढंच ना!" बाबा म्हणाले. ते रेल्वेचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. त्यांना पुढचं समजवावं लागलं नाही.

दर रविवारी सकाळी बाबा आणि परगावची आत्या आपापल्या टीव्हीवर मोटारींची शर्यत लावू लागले. बाबा ओळीने नऊ वेळा जिंकले. दहाव्या शर्यतीवर पैज लागली: पन्नास वर्षांपूर्वी नवी कोरी सायकल भिंतीवर कोणी घातली, याचा दोष हरणाऱ्याने सगळ्या नातेवाइकांसमोर स्वतःकडे घ्यायचा. पन्नास वर्षं दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते!

बाबांना हातभार म्हणून मी शनिवारी मोजमाप केलं. माझं बोट आणि पडदा यांचं मोबाइलवर संथ चित्रण करून एकेक चित्र मोजलं. ब्रेक दाबल्यावर गाडीचे लाल दिवे पाव सेकंद उशिरा लागत होते. चक्क पाव सेकंद! वायफायऐवजी राउटरपासून टीव्हीपर्यंत थेट वायर ओढली, पुन्हा मोजलं. उशीर तिपटीने कमी! बाबांना मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, जिंकल्यावर सांगू.

रविवारी पहिल्याच वळणाच्या अलीकडे बाबांची गाडी गपकन थांबली. आत्या भुर्रकन पुढे!

"दादा, प्रवासी उतरवतोयस का?" फोनच्या स्पीकरवरून आत्या खिदळली.

दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्यावरही तेच.

"आज ब्रेक लगेच का लागतोय?" बाबा ओरडले.

"मी सुधारलंय!" मी खुशीत म्हणाले.

"कोणी सांगितलं होतं? अगं, जन्मभर मी स्टेशन दिसायच्या आधी ब्रेक लावलाय! तो उशीर माझ्या हातात बसला होता! आधी होतं तसं कर!"

मी वायर उपटली. चित्र क्षणभर गोठलं, मग वायफायवर अडखळत चालू झालं. उशीर परत आला आणि त्याच्यामागून बाबाही! शेवटच्या वळणावर त्यांची गाडी पाळण्यासारखी अलगद वळली. आत्याची सरळ गवताच्या भाऱ्यांत!

बाबांनी उशी डोक्यावर घेऊन खोलीभर नाच केला. आत्याने सगळ्यांना फोन लावून सायकलीचा दोष पत्करला आणि मग हळूच मला विचारलं, "खरं सांग, मध्येच तू काय केलंस गं?"

मी सगळं शास्त्रशुद्ध समजावलं.

"एवढी शिकली आहेस," ती म्हणाली, "तर एकदा इकडे येऊन माझंही नेट तेवढं बिघडवून दे ना!"