मशीनची भाकरी

"तू निवांत जा, खानावळ मी बघतो," नागसेनने छाती ठोकून सांगितलं आणि शेवंता मनगट दाखवायला दवाखान्यात गेली. भिवंडीतल्या त्या लूमच्या गल्लीत तिच्या डाळीला आणि तांदळाच्या भाकरीला तोड नव्हती. पण थापून थापून बाईचं मनगट सुजलं होतं. डॉक्टरने हात थांबवायला लावला तर खानावळीला कुलूपच! म्हणून पठ्ठ्याने गुपचूप भाकरीचं मशीन आणलं होतं. ती येईतो चळत लावून बायकोला चकित करायचं, असा बेत होता.

त्याने पिन खोचली, बटण दाबलं. नाक्यावरच्या विजेच्या डीपीत धाडकन आवाज झाला आणि सगळी गल्ली गप्प.

लाइट गेली की लूम बंद, आणि लूम बंद की कारागीर जेवायला, ही इथली रीत. पंखा थांबताच शेवंता दुसरी डाळ चढवायची. नागसेन मशीनच थोपटत बसला. वर बघतो तर अख्खी शिफ्ट दारात.

"भाकरी किधर है, भाऊ?" इद्रीस कारागिराने विचारलं.

"होतेय, होतेय."

"परात तो खाली है."

शेवटी इद्रीसनेच बाह्या सरसावल्या. "हटो. इतवार को कमरे पे हमही बनाते हैं."

त्याच्यामागून आणखी चारजण थापायला बसले. नागसेनची पहिली भाकरी चारी बाजूंनी फाटली, दुसरी तव्यालाच चिकटली. मग मात्र हात वळला.

तेवढ्यात लूमवाले केसरीनाथशेट तणतणत आले. "वायरमन पाठवलाय. पण डीपी उडवणारा गाढव कोण, तो सापडू दे मला."

"आधी जेवून घ्या, शेट," म्हणत नागसेनने घाईने ताट सरकवलं.

शेवंता परतली ती रडवेली. "महिनाभर भाकरी थापणं बंद सांगितलंय हो." मग तिला तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी दिसली. "ही कुणी केली?"

"मी."

तिने तुकडा मोडला, चावला आणि पदराने डोळे पुसले. "मग चालेल आपली खानावळ."

इतक्यात लाइट आली. लूम खडखडले, कारागीर हात धुवायला उठले. आत मशीन घरघरलं. बटण चालूच राहिलं होतं. पुन्हा धाडकन, पुन्हा गल्ली गप्प.

कारागीर मुकाट्याने परत बसले. शेटनी आधी मशीनकडे पाहिलं, मग नागसेनकडे.

नागसेनने पिन उपटली आणि परात पुढे ओढली.

"गाढवाच्या हातची अजून एक वाढू का, शेट?"