सारजाबाईंचं हिरवं बटण

म्हातारपण खासगी असतं आणि म्हाताऱ्यांची काळजी सार्वजनिक असते. म्हणून ती सार्वजनिक-खासगी भागीदारीतूनच वाहिली पाहिजे, असं जाणकार सांगतात. या भागीदारीत सरकारने उद्घाटन करायचं, कंपनीने यंत्र द्यायचं आणि म्हाताऱ्यांनी आभार मानायचे, अशी कामाची रास्त वाटणी असते. निरगुडसरच्या पुढच्या एका वाडीत २००६ साली ‘सुखरूप’ योजना आली, ती याच तत्त्वावर.

तोवर वाडीतली वृद्धसेवा फारच मागासलेली होती. सारजाबाईंचंच बघा. मालक गेल्यापासून त्या एकट्या राहत. रोज सकाळी शेजारची गोजरबाई वाटी घेऊन दारात हजर. “सारजाक्का, इरजान हाय का?” गोजरबाईच्या दावणीला तीन म्हशी, दह्याचं गाडगं कधी रिकामं नाही. तरी ती विरजण मागायला यायची, सारजाबाईंचं तोंड निरखायची, गुडघ्याची चौकशी करायची आणि जाताना वाटी तिथेच विसरायची. या भेटींची कुठेही आकडेवारी ठेवली जात नसे. शिवाय भोसरीच्या कारखान्यात असलेला मुलगा भरत, आई बरी आहे का हे बघायला सुट्टी मिळेल तेव्हा एसटीने यायचा. (एवढ्याशा माहितीसाठी अख्खी एसटी पळवावी लागे.)

योजनेने हा अपव्यय थांबवला. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक डबा मिळाला, त्यावर दोन बटणं. सकाळी उठून हिरवं दाबायचं, की मुलाच्या मोबाइलवर मेसेज जाई : ‘आपले पालक सुखरूप आहेत.’ अडचण आली तर लाल दाबायचं, की पुण्याहून एक गोड आवाज ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणे. (वाट बघायचा अनुभव लाभार्थ्यांना दांडगा असल्याने वेगळं प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.)

एक बारीकशी अडचण होती. डब्याला वीज लागायची आणि वाडीला लोडशेडिंग. जनरेटर होता फक्त दूध डेअरीत, दूध गार ठेवायला. तेव्हा सगळ्यांनी आपापले डबे तिथेच नेऊन ठेवले. आता एका घरच्याने जाता जाता शेजारचंही दूध घालायचं, ही वाडीची जुनी रीत. तिला धरूनच डेअरीचा सेक्रेटरी नवनाथ दुधाची फॅट काढता काढता सगळ्यांची हिरवी बटणं दाबू लागला. म्हातारी माणसं घरात आणि त्यांची खुशाली डेअरीत, अशी सोय झाली.

निकाल शंभर टक्के लागला. मधल्या काळात योजनेतले एक म्हातारे, गेणभाऊ, वारले, पण नवनाथच्या बोटाला त्यांचंही बटण दाबायची सवय लागलेली. दहाव्याला घोड नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. मुलगा हात जोडून उभा, तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजला : ‘आपले पालक सुखरूप आहेत.’ त्याने तो मोठ्याने वाचला आणि कावळा शिवला. पाहुण्यारावळ्यांत यंत्राचा मान वाढला. त्या तिमाहीत वाडीचा मृत्युदर शून्य भरला आणि योजनेची पुरस्कारासाठी शिफारस झाली.

इकडे सारजाबाईंच्या दारात वाटी येईना. “आता मशीन हाय की आक्का, मी कशाला मधी लुडबुडू?” असं गोजरबाईने समंजसपणे सांगितलं. भरतही येईना. आपण बऱ्या आहोत हे लेकाला रोज आपल्या आधी कळतं, याचं सारजाबाईंना सुरुवातीला कौतुक वाटलं, मग वाईट वाटू लागलं, आणि मग त्याला बघायला त्यांचा जीव तीळतीळ तुटू लागला.

त्या डेअरीत गेल्या. “नवनाथ, उद्या माजं बटान दाबू नगंस.”

“का वं मावशी?”

“मेसेज न्हाई गेला, म्हंजी भरत पळत यील.”

“आवं, शंभर टक्के हाय आपलं! बक्षीस द्यायला सायेब यायचेत. तुमच्या एकलीपायी समद्या वाडीचं नाक कापायचं व्हय?”

नवनाथची पाठ फिरताच सारजाबाईंनी आपला डबा उपसला, पदराखाली घेतला आणि घरी आणून बाजरीच्या कणगीत पुरला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी मासवडी थापली, वर झणझणीत रस्सा केला. भरतचा त्यावर लहानपणापासून जीव. मग केस विस्कटून त्या वाकळ ओढून पडल्या. आजारी बाईने मासवडी कशी केली, असं त्याने विचारलं तर काय सांगायचं ते सुचेना. पण लेक जेवायला बसला की प्रश्न विचारत नाही, हा अनुभव होता.

दुपारी दारात मोटरसायकल थांबली. सारजाबाई कण्हू लागल्या.

आत आला नवनाथ. “मावशी, भरतभाऊचा फोन व्हता. मेसेज न्हाई आला म्हनून लई काळजीत हाय बिचारा.”

सारजाबाई ताडकन उठून बसल्या. “निगालाय का?”

“न्हाई. म्हनला, आईचं बटान दाबायचं ऱ्हायलंय, तेवढं दाब.”

सारजाबाईंनी कणगीत हात घातला, डबा काढून दिला. वीज नुकतीच आली होती, नवनाथने वायर जोडून हिरवं दाबलं आणि तिकडे भोसरीत एका गुणी मुलाचा जीव भांड्यात पडला. नवनाथ मासवडी जेवून, बोटं चाटून गेला. सारजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. (यासाठी डब्यावर बटणाची सोय नव्हती, तशी मागणीही कुणाकडून आली नव्हती.)

योजनेला पुरस्कार मिळाला. हे वाचताना तुम्हाला भरतचा राग आला असेल, सारजाबाईंची कीवही आली असेल. उत्तम. म्हणजे तुमचं हिरवं बटण दाबून झालं. आता या महिन्यात गावाकडे नाही गेलात तरी चालेल.