माई कोंबडीचं दुखणं

रविवारी सकाळी गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत कुणी फाफडा आणायला निघतं, कुणी गाडी धुतं आणि शेजारचे सुर्वेकाका कोंबडीचे पाय धुतात. ओट्यावर प्लास्टिकचा निळा टब, टबात कोमट साबणाचं पाणी, मांडीवर पंचा आणि पंच्यावर माई. माई म्हणजे कोंबडी. काका आधी कोपर बुडवून पाणी बघतात, मग माईचे दोन्ही पाय अलगद आत सोडतात. माई डोळे मिटून घेते. येणाऱ्याजाणाऱ्यांचे मात्र डोळे विस्फारतात.

सुर्वेकाका रिफायनरीत सेफ्टी खात्यात होते. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. शेजारच्या गच्चीवर कुणी कपडे वाळत घालायला आलं की खालून ओरडतात, "कठड्याला टेकू नका!" लग्नाला गेले की अक्षता घेण्याआधी हॉलमधून बाहेर पडायची दारं बघून येतात. आणि काहीही सांगायला जा, एकच वाक्य तोंडावर फेकतात, "वरवर काय बघता? खवल्याखाली बघा!" हे वाक्य मुळात माईच्या पायांसाठी जन्माला आलं, पण काकांनी ते राजकारणाला लावलं, आंब्याच्या पेटीला लावलं आणि माझ्या यजमानांच्या सर्दीलाही लावलं.

खवल्यांचं शास्त्र मी काकांना कधी विचारलं नव्हतं. मी लिंबू मागायला गेले होते. पण उभ्या उभ्या कळलं ते असं, की कोंबडीच्या पायावर खवले असतात आणि त्यांच्याखाली डोळ्यांना न दिसणारा एक किडा शिरतो. तो आतून पोखरतो, खवले वर उचलले जातात, पाय चुन्यात बुडवल्यासारखे जाड आणि पांढरट होतात, कोंबडी लंगडायला लागते. मग पाय भिजवायचे, जुन्या मऊ टूथब्रशने हळू घासायचे, कोरडे करायचे आणि तेल चोपडायचं, म्हणजे किडा गुदमरतो. खवला ओढून काढायचा नाही. "घाई केली की रक्त येतं, बाई," काका म्हणाले. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणतात आणि मला काही येत नाही असं धरूनच बोलतात. त्या दिवशी लिंबू राहिलंच.

दूधवाल्याने एकदा भाबडेपणाने सुचवलं, "काका, घासलेट लगाडी दो ने!" खेड्यात लावतात म्हणे. काका भडकले. "जन्म घातलाय मी त्याच्या वासात! चामडी सोलून निघेल तिची. तू आधी स्वतःच्या पायाला लाव आणि मग मला सांग!" तेव्हापासून दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळतो.

आसपास कुठे होम झाला की लोक प्रसादाला जातात, काका राखेला जातात. ती राख मातीत कालवून कोंबड्यांना अंघोळीला देतात, म्हणजे उवा, पिसवा मरतात. माईबरोबर खुराड्यात आणखी दोघी होत्या. पण त्या ठणठणीत होत्या, त्यामुळे काकांना त्यांच्यात फारसा रस नव्हता. त्यांना साधी नावंसुद्धा नव्हती.

आता, शाकाहारी सोसायटीत कोंबड्या खपल्या कशा? एक तर त्या अंडी द्यायच्या वयाच्या पुढे गेलेल्या, आणि दुसरं म्हणजे काकांशी वाद घालायला कुणी धजत नसे. पण हिवाळ्यात आमचे सेक्रेटरी हसमुखभाई यांच्या पत्नीला, रमीलाबेनना, खाज सुटली. पाठीवर, दंडावर लाल गांध्या. कॉमन प्लॉटमध्ये मीटिंग भरली. "मरघीना जीवडा बधे फरे छे!" कोंबडीचे किडे सगळीकडे फिरतायत, असं रमीलाबेन म्हणाल्या, आणि त्याबरोबर जमलेली सगळी मंडळी खाजवायला लागली. मीही. ठराव झाला की कोंबड्या पांजरापोळात पाठवायच्या.

दुसऱ्याच दिवशी काकांनी अख्ख्या कमिटीला खुराड्यापाशी बोलावलं. "हसमुखभाई, तमारो रुमाल आपो." पांढराशुभ्र, इस्त्रीचा रुमाल. काका म्हणाले, "कोंबडीचं रक्त पिणारा किडा दिवसा दांडीखालच्या फटीत लपतो. रुमालावर लाल डाग उठला तर मी हरलो." आणि ज्या दांडीवर कोंबड्या बसतात तिच्या खालून त्यांनी रुमाल खसाखसा फिरवला. चुना आणि कडुलिंबाचं तेल लावलेली दांडी. रुमाल कोराच्या कोरा.

"चालो, हवे तमारे घेर," काका म्हणाले.

मिरवणूक हसमुखभाईंच्या दिवाणखान्यात पोचली. तिथे मध्यभागी नवा हिंचको टांगलेला होता. नवा म्हणजे मांडवीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला, सागवानी, पितळी कड्यांचा. रमीलाबेन दुपारभर त्याच्यावर तुवेरच्या शेंगा सोलत बसायच्या. काका सत्तरीचे, पण गाडीखाली शिरणाऱ्या मेकॅनिकसारखे उताणे होऊन त्या झोपाळ्याखाली शिरले आणि फळीच्या सांध्यातून रुमाल फिरवला. बाहेर आला तो लालभडक. पाठोपाठ दोनचार ढेकूण स्वतःच पुरावा द्यायला हजर झाले.

"खवल्याखाली बघा!" झोपाळ्याखालून काका गरजले. रमीलाबेनचा चेहरा असा झाला, की जणू ते ढेकूण काकांनीच खिशातून आणले होते. काकांनी मात्र उकळतं पाणी ओतून, तेल लावून हिंचको स्वच्छ करून दिला. तोंडाने व्याख्यान चालू होतंच.

एवढं होऊनही ठराव काही फिरला नाही. आमच्या सोसायटीत चूक मान्य करण्यापेक्षा ठराव पाळणं सोपं जातं. हसमुखभाईंनी फक्त एक वाट काढली. "पण बीमार जीवने बहार न कढाय, पाप लागे. माई सारी थाय, पछी पांजरापोळ." ठणठणीत दोघी टेम्पोत बसून गेल्या. काकांनी टेम्पोचा मागचा फाळका नीट लागलाय ना, तेवढं तपासलं. माई राहिली, बरी होईपर्यंत.

त्याला आता महिने झाले. बाजारात केसर आंबा आला. टब, टूथब्रश, तेल, सगळं दर रविवारी चालूच आहे. आणि माईचे पाय? पिवळेधमक, गुळगुळीत. माझ्या कुंड्यांतली मेथी तिने याच पायांनी उकरून फस्त केली. परवाच्या रविवारी मी भिंतीवरून डोकावून म्हटलं, "काका, माई तर चांगली खडखडीत बरी झाली की!"

"हळू बोला, बाई." काकांचा इतका खालचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते माईच्या पायाला तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "सुलभाचं दुखणं काढलं तेव्हा सकाळ कशी जायची कळायचं नाही. पाणी तापव, पाय शेक, तेल लाव. ती गेल्यावरसुद्धा मी सकाळी उठून पाणी तापवायचो आणि ते घेऊन बसून राहायचो. घरात आता दुखणं काढायला दुसरं आहे कोण?"

सुलभाकाकू याच ओट्यावर, याच निळ्या टबात सुजलेले पाय सोडून बसायच्या. तो टब मी इतके रविवार बघत होते आणि हसत होते. मला भयंकर वाईट वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. फाफड्याचा पुडा घेऊन हसमुखभाई उभे. "केम छे माईने?" दर रविवारी ते हेच विचारतात. काकांनी पंचा माईच्या पायांवर ओढून घेतला. आणि ती कृतघ्न माई मांडीवरून टुणकन उडी मारून ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झुरळामागे धावली. लंगडणं औषधालाही नव्हतं.

हसमुखभाईंनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकून माईचे पाय नीट न्याहाळले. मग टबाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"ना, सुर्वेभाई," ते म्हणाले, "हजु दरद बाकी छे. उपरथी सारुं लागे, पण तमे ज कहो छो ने, खवल्याखाली जुओ. दवा चालु राखजो."

आणि फाफडा गार होतोय म्हणत ते निघून गेले.

काकांनी माईला पकडून पुन्हा मांडीवर घेतलं. टबात कोपर बुडवलं. "गार झालं," असं म्हणून त्यांनी तिला भिंतीवरून माझ्या हातात दिलं आणि पाणी पुन्हा तापवायला आत गेले.